खाड्याच्या वहीतली पाळी

दोस्तहो, क्रांतीबिंती जरा बाजूला ठेवा. पाळीबद्दल बोलायचंय. लाज वाटत असेल त्यानं पान उलटावं आणि पुढच्या कविता वाचाव्यात. त्यांत बाईच्या अंगाबद्दल आपण भरपूर लिहिलेलं असतं, फक्त त्या अंगाचं काय चाललंय हे कुणाला ठाऊक नसतं.

मी सांगलीची. आमच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन तऱ्हेच्या खुणा असायच्या. दूध आलं नाही की 'खाडा'. आईची पाळी आली की तारखेखाली पेन्सिलीचं बारीक टिंब. टिंबाचा अर्थ कळला तेव्हा मी आठवीत होते. कधी २६ दिवसांनी, कधी ३४. आई बांधकामावर पाट्या उचलायला जायची त्या दिवसांत चाळीसच्याही पुढं. एका खाजगी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "पाळी मागंपुढं होते ना? पिशवी खराब झालीय. काढून टाका, नायतर कॅन्सर हुईल." टिंबं त्यानं बघितलीसुद्धा नाहीत. आई तेव्हा ३४ वर्षांची. बापानं व्याजानं पैसे काढले. पिशवी गेली, व्याज राहिलं.

आता मला सांगा, २८ दिवस कुणी ठरवले? ती सरासरी आहे, सरकारी जीआर नाही. जाणत्या वयाच्या बाईची पाळी २१ ते ३५ दिवसांत कधीही आली तरी ते चक्र चांगलंच. एका महिन्यात चार दिवस अलीकडं, दुसऱ्यात पाच दिवस पलीकडं, तेही चांगलंच. पोरीला नुकतीच सुरू झाली असेल तर पहिली दोन-तीन वर्षं ४५ दिवसांपर्यंत लांबू शकते. चाळिशीनंतर पुन्हा विस्कटते. माला-डीच्या पाकिटात २८ गोळ्या असतात, २१ पांढऱ्या आणि ७ लोहाच्या. त्या सात दिवसांतलं रक्त गोळी थांबल्याचं असतं. त्यावरून अंगाचं वेळापत्रक ठरवायचं नाही.

मग मागंपुढं का होतं? जपानच्या ओगिनो नावाच्या डॉक्टरनं १९२० च्या दशकातच दाखवलं की बीज सुटल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचे दिवस फार बदलत नाहीत, साधारण चौदा. बदलतो तो आधीचा भाग, बीज पिकायचा. मेंदू अंगाचा हिशोब ठेवतो. पोटात अन्न कमी, अंगावर काम जादा, झोप नाही, डोक्याला घोर, की तो बीज सोडणं पुढं ढकलतो. कधी ढकलतच नाही, बंदच करतो. थायरॉईड असेल, अंडाशयाचा त्रास असेल, तरीही लांबते. पण आपल्या वस्तीत आधी भाकरी मोजा, मग पिशवीवर या.

आणि आता उसाकडं. दसरा-दिवाळी झाली की बीडकडनं, आमच्याच जतच्या दुष्काळी पट्ट्यातनं, टोळ्या कराड-वाळव्याच्या फडांवर येतात. नवराबायको मिळून एक कोयता. म्हणजे माणसं दोन, मोजणी एक. उचल आधीच घेतलेली. पहाटे अंधारात फड, डोक्यावर मोळी, राहायला कोपी, हागायला ऊसच. एक दिवस काम चुकलं की मुकादम पाचशे, कुठं हजार रुपये कापतो. त्यालाही खाडाच म्हणतात. आमच्या घरी खाडा धरला की दूधवाल्याचे पैसे कापायचे. इथं बाईच्या रक्ताचे.

अशी बाई डॉक्टरकडं गेली की डॉक्टर आणि खाडा दोघंही एकच उपाय सांगतात. २०१९ मध्ये सरकारच्या समितीपुढं बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी आली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. सहात एक. पिशवीबरोबर अंडाशयंही गेली तर तिशीतच म्हातारपण लागतं. हाडं ठिसूळ होतात, अंगातनं वाफा येतात. माझी आई थंडीतही दार उघडं टाकून झोपते.

१९२८ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं, तेव्हा बाबासाहेबांनी सांगितलं होतं की बाईच्या मेहनतीचा फायदा मालक घेतो, तर तिच्या विश्रांतीचा भारही काही अंशी त्यानं उचलावा. शंभर वर्षं होत आली. उसाच्या फडात मात्र उलटं: विश्रांती तिनं घ्यायची आणि दंडही तिनंच भरायचा.

आपली पोरंही काही कमी नाहीत. विटाळ हा शब्द जातीसाठी कुणी वापरला तर दात पाडायला निघतात. घरी बहिणीची 'अडचण' आली की तिला कोपऱ्यात बसवतात, आणि तारीख कार्यात येते म्हणून पाळी लांबवायच्या गोळ्या मेडिकलमधनं आणूनही देतात.

डॉक्टरकडं जायचंच नाही असं मी म्हणत नाही. तीन महिने पाळी आली नाही, तासाला कापड भिजायला लागलं, आठवड्याच्या वर रक्त चाललं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त दिसलं, किंवा पाळी कायमची गेल्यावर परत दिसलं, तर जायचंच. रक्त तपासून घ्यायचं, सोनोग्राफी करायची. पिशवी काढायची म्हटलं की दुसऱ्या डॉक्टरला विचारायचं. आणि जाताना टिंबं घेऊन जायची.

मागच्या हंगामात इस्लामपूरच्या अलीकडं एका कोपीत बसले होते. वाढ्याची पेंढी बांधता बांधता ती बाई बोलत होती. "शेवटची पाळी कधी आली?" विचारलं.

"तारीक ध्यानात कुटं ऱ्हाती बाई? मुकादमाच्या वहीत बगा. ज्या दिवशी खाडा लिवलाय, त्या दिवशी मी कोपीत पडून व्हते."

मुकादमानं वही दाखवली नाही.

येत्या हंगामात कराडपासून वाळव्यापर्यंतच्या कोप्यांवर जायचंय, कॅलेंडरं आणि पेन्सिली घेऊन. पोरांनी यायचं असेल तर यावं. आधी घरी आईला तिची टिंबं विचारून यावं.