त्रुटीसंदेशच जेव्हा मुका होतो

संगणकाचा प्रोग्रॅम अडला, की नेमके काय बिघडले याचा पहिला सुगावा लागतो तो त्रुटीसंदेशातून. हा संदेशच वाचता येईनासा झाला, तर दुरुस्ती म्हणजे अंधारात चाचपडणे ठरते. देवनागरी मजकूर हाताळणाऱ्या प्रोग्रॅमरांनी हा अनुभव वर्षानुवर्षे घेतला आहे.

‘पायथन’ या लोकप्रिय भाषेचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तिच्या दुसऱ्या पिढीचा पाया होता ‘आस्की’, म्हणजे इंग्रजीपुरत्या १२८ चिन्हांचा संच. युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते आणि हे सारे बाइट आस्कीच्या कक्षेबाहेरचे. त्यामुळे ‘महसूल’ नावाची फाइल सापडली नाही, तर त्रुटीसंदेशात ते नाव उमटत नसे. पाच चिन्हांच्या जागी तिरप्या रेघा, रोमन अक्षरे आणि अंक यांची साठ चिन्हांची रांग दिसे. त्याहून घातक प्रकार म्हणजे चुकीच्या पोटातली चूक. मराठीतील त्रुटीसंदेश साध्या मजकुरात बदलून नोंदवू जाता ते रूपांतरच फसे आणि मूळ बिघाड बाजूला राहून रूपांतराचीच तक्रार समोर येई.

२००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीने युनिकोड हाच मजकुराचा पाया मानला. जुन्या पिढीचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. तरीही प्रश्न पुरता मिटला नाही. विंडोजवर त्रुटीसंदेश पडद्याऐवजी फाइलमध्ये वळवले, तर त्या संगणकाची जुनी स्थानिक पद्धत लागू होते आणि देवनागरीच्या जागी पुन्हा सांकेतिक अंक उमटतात. म्हणूनच पायथनच्या ३.१५ या आवृत्तीपासून युटीएफ-८ हीच मूळ पद्धत ठेवण्याचे २०२२ मध्ये ठरले.

तथापि, केवळ भाषा सुधारून भागणार नाही. प्रोग्रॅमची चाचणी इंग्रजी नावांवर घेतली, तर हा दोष दिसतच नाही. तो उघड होतो प्रत्यक्ष वापरात, सातबारा किंवा मतदारयादीतील देवनागरी नावांपाशी. तेव्हा खोळंबा होतो तो सामान्य नागरिकाचा. मराठी मजकुरासाठी बनणाऱ्या प्रोग्रॅमची चाचणी मराठी मजकुरावरच आणि तीही मुद्दाम चुका घडवून घेणे, ही म्हणूनच किमान अपेक्षा ठरते. यंत्राला मराठी येते की नाही, याची खरी परीक्षा ते अडखळते तेव्हाच होते.