श्रेडर घ्यायचं ठरलं तेव्हा



मागच्या महिन्यात आमच्या घरी कागद कापायचं यंत्र आलं, म्हणजे श्रेडर. सासूबाईंना काही पटलं नव्हतं. "एवढ्याशा कामाला यंत्र कशाला? बंबात घातले की झालं," असं त्यांचं म्हणणं. आणि खरंच, आमच्याकडे वर्षानुवर्षं जुने कागद बंबातच गेले. यांचं हिशेबाचं काम घरातूनच चालतं, त्यामुळे कागद काही कमी नसतात.

मी बंब बंद केला त्याला कारण कसर. एकदा माळ्यावरची फाईल उघडून बंबासमोर बसले आणि पानं सुटी करताना आतून चांदीसारखे बारीक जीव पळाले. जे पळाले ते पळाले. त्याआधी गठ्ठेच्या गठ्ठे न उघडता आत टाकले होते, त्याचं काय? पाणी गाळून पिणाऱ्या घरात हे चालत होतं आणि आम्हा कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

मग रद्दीत द्यायला लागलो. तिथे दुसरी अडचण झाली. माझ्या नणंदेच्या आधारच्या झेरॉक्सवर कुणीतरी भलत्यानेच सिम कार्ड घेतलं. झेरॉक्स कुठून गेली ते कधीच कळलं नाही, पण त्या दिवसापासून रद्दीवाल्याची हाक आली की माझ्या पोटात गोळा यायचा. घरचे कागद एक वेळ सोडा, यांच्याकडे लोक विश्वासाने पॅन कार्डाच्या प्रती, बँकेचे उतारे देऊन जातात. दुसऱ्याची ठेव आपल्या निष्काळजीपणाने बाजारात गेली तर अचौर्य अणुव्रत कुठे राहिलं, असं मला वाटतं. कुणाला हे ओढूनताणून वाटेल, वाटू दे. (आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर दिसतं. आजच बघून घ्या.)

कागद भिजवून लगदा करायचा सल्लाही मिळाला. पण बादलीभर पाणी आणि त्यात कुजणारा कागद हे मला मानवणारं नव्हतं. म्हणून यंत्र.

आता घेताना काय बघायचं ते. दुकानात सगळ्यात स्वस्त दाखवतात ते लांब पट्ट्या कापणारं असतं. ते घेऊ नका. १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकी वकिलातीत असे पट्ट्यांत कापलेले कागद इराणी लोकांनी बसून पुन्हा जुळवले होते. आपले कागद जुळवत कोण बसणार म्हणा! पण कागद आडवा घातला तर अख्खी ओळ एकाच पट्टीवर सलग राहते, नंबर तसाच वाचता येतो. त्यापेक्षा उभं-आडवं दोन्हीकडून कापणारं, क्रॉस कट म्हणतात ते घ्या. खोक्यावर पी-१ पासून पी-७ पर्यंत आकडा असतो. हे जर्मनीतल्या डीआयएन ६६३९९ या मानकाचे दर्जे आहेत. पी-४ म्हणजे तुकडा १६० चौरस मिलिमीटरपेक्षा मोठा नाही, ए-४ कागदाचे जवळजवळ ३९० तुकडे. घराला आणि छोट्या ऑफिसला एवढं पुष्कळ झालं. पी-५ मध्ये त्याच कागदाचे दोन हजारांच्या वर तुकडे होतात, पण यंत्र महाग आणि एका वेळी कागदही कमी घेतं.

खोक्यावर 'आठ कागद' लिहिलं असेल तर पाच-सहाच घाला. तो आकडा साध्या पातळ कागदाचा असतो, आपल्याकडे स्टँप पेपर आणि जाड बाँड निघतात. छोटी यंत्रं दोन-चार मिनिटं चालली की तापतात आणि मग अर्धा-अर्धा तास थंड व्हायला लागतो, हे दुकानदार आपणहून सांगत नाही. उलटं फिरवायचं बटण हवंच, कारण कागद अडकतोच. अधूनमधून पात्यांना तेल द्यावं लागतं. ते श्रेडरसाठी मिळतं तेच वापरा, फवाऱ्याचं तेल नको, त्याने पेट घेण्याची भीती असते.

आणि एक, कागद लावला की आपोआप चालू होणारी यंत्रं असतात. वापर झाला की त्यांचं बटण नुसतं बंद करू नका, पिनच काढा. लहान मुलांची बोटं, आपला पदर, गळ्यातलं लोंबतं मंगळसूत्र, सगळंच धोक्यात. मी तर चालू करायच्या आधी पात्यांच्या फटीत टॉर्च मारून बघते आणि कागद एकेक झटकून घेते. हे हसतात. हसू देत.

पण घरात वर्षाला पंचवीस-तीस कागदच निघत असतील तर यंत्र घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. कात्रीने नंबर आणि सही बारीक कापा, झालं. नाहीतर चार घरांत मिळून एक घ्या आणि ज्याने-त्याने आपले कागद आपल्या हाताने घालावेत. कागद कमी करायला नवा परिग्रह वाढवायचा, यात काही अर्थ नाही. आणि घाई करून कामाचंही कापू नका. जीएसटीचे कागद त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरायच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात.

आता अवघड भाग. लग्नपत्रिका, चातुर्मासाच्या पत्रिका, ज्यावर णमोकार मंत्र किंवा भगवंतांचा, महाराजांचा फोटो असतो, त्या मी यंत्रात घालत नाही. काही जणी म्हणतात, पत्रिका म्हणजे शास्त्र नव्हे. नसेल, पण पात्याखाली णमो अरिहंताणं जाताना माझ्याच्याने बघवणार नाही. त्या मी वेगळ्या पिशवीत ठेवते आणि मंदिरात विचारून देते. खरं तर पत्रिकेवर मंत्र छापायचाच कशाला? ज्याचा पुढे अविनयच होणार ते घरोघर का वाटायचं? माझ्या लेकीच्या पत्रिकेवर मी छापू देणार नाही.

श्रुतपंचमीच्या आधी माळा आवरायचा म्हणून मी गठ्ठे काढले, चातुर्मास लागला की जीव वाढतात म्हणून. त्यात सासऱ्यांच्या जुन्या दुकानाची बिलं निघाली. गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, उधारी, सह्या. ती कापायलाच काढली होती. पहिलं पान लावणार एवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "थांब गं, मागं बघ."

मागे सासऱ्यांचं अक्षर. पाठकोऱ्या कागदांवर त्यांनी स्वाध्यायाचं टिपण लिहिलं होतं. समोर कुणाची तरी उधारी आणि मागे सम्यग्दर्शनाची आठ अंगं. सासूबाई कितीतरी वेळ त्यावरून बोट फिरवत बसल्या.

"ठेवूया आई?" मी विचारलं.

"लोकांची नावं आहेत त्यावर," त्या म्हणाल्या. "तुझ्या अक्षरात उतरवून घे. उधारीचं मग मी बघते."

रोज दुपारी एक पान उतरवते आहे. त्या शेजारी बसून न लागणारा शब्द लावून देतात. आत्तापर्यंत अकरा पानं झाली, पन्नासेक उरली असतील. उतरवून झालेली पानं त्यांच्याच कपाटात आहेत आणि यंत्राजवळ न्यायचा विषय त्यांनी अजून काढलेला नाही. मीही काढलेला नाही.