ईश्वराची इच्छा आणि आमची इच्छा

शालान्त परीक्षेचा निकाल लागला कीं आमच्या गिरगांव-परळच्या ख्रिस्ती घरांतून एक उद्गार हमखास कानीं पडतो: "देवाची इच्छा!" मुलास गुण कमी पडले, देवाची इच्छा. परंतु त्याच मुलास विज्ञानशाखेकडे धाडावें कीं कलाशाखेकडे, हें ठरवितांना देवाची इच्छा कोणी विचारीत नाहीं. तेथें वडिलांचा आग्रह, मामांचा अनुभव आणि शेजारच्या मुलाचा पगार एवढ्यावर काम भागतें. होऊन गेलेल्या गोष्टीवर देवाचें नांव घालावयाचें, आणि करावयाच्या गोष्टींतून तें वगळावयाचें, हा व्यवहार आम्हांस मुळींच बरा दिसत नाहीं.

याच्या उलट प्रकारचेही भाविक आहेत. ते प्रत्येक पावलावर खूण मागतात. डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडावें, बोट पडेल तें वचन घ्यावें. गाडी चुकली तर दार बंद झालें, जागा मिळाली तर दार उघडलें! दार उघडें असणें हीच देवाची संमति, हा समज तर इतका रूढ आहे कीं त्याविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें भाग आहे. आणि त्यास आमच्याच शहरांतील उदाहरण आहे.

गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनचे पहिले मिशनरी. १८१२ सालीं ते कलकत्त्यास उतरतांच कंपनी सरकारनें त्यांस देश सोडण्याचा हुकूम केला. ते १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस आले, तों येथेंही तोच हुकूम पुढें उभा! गव्हर्नर सर इव्हॅन नेपियन हे मनानें त्यांस प्रतिकूल नव्हते, पण वरिष्ठांच्या आज्ञेनें बांधलेले होते. बंद दाराचा नेम खरा मानला असता तर या दोघांनीं परतीचें जहाज धरावयास पाहिजे होतें. त्यांच्याच मंडळींतील अडोनिराम जडसन यांसही तोच हुकूम झाला. ते १८१३ सालीं रंगूनला गेले आणि ब्रह्मदेश हेंच त्यांचें जन्माचें कार्यक्षेत्र झालें. हुकूम एक, प्रार्थना एक, वाटा मात्र दोन. तेव्हां बंद दाराचा अर्थ दारावर लिहिलेला नसतो, इतकें तरी यावरून खास ठरतें.

हॉल व नॉट यांचें सर्वच वर्तन आम्हांस मान्य आहे असें नाहीं. त्या वर्षाच्या अखेरीस ते सरकारास न कळवितां गलबतांतून सिलोनकडे निघाले, कोचीनला अडविले गेले आणि मुंबईस परत आणले गेले. ज्या गव्हर्नरानें त्यांस सौजन्यानें वागविलें त्याच्या विश्वासास यानें धक्का बसला. चांगल्या कार्यासाठीं केलेली लपवाछपवी ही देवाची इच्छा म्हणून सांगतां येईल काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. यापेक्षां हॉल यांनीं पुढें जें केलें तें अधिक सरळ होतें: त्यांनीं गव्हर्नरास पत्र लिहून, आपल्या अधिकाराचा हा उपयोग ख्रिस्ताच्या आज्ञेशीं ताडून पाहावा, अशी उघड विनंति केली. हद्दपारी लांबली. इकडे पार्लमेंटानें १८१३ च्या सनदेंत मिशनऱ्यांस वाट मोकळी केली होती, आणि लंडनला चार्ल्स ग्रँट यांनीं त्यांची बाजू उचलून धरली. असे ते राहिले. म्हणजे प्रार्थनेबरोबर अर्ज, कायदा व ओळखीचा भला माणूस, हीं सर्व साधनें लागलीं; त्यांत कमीपणा कसला?

यशावरूनही कांहीं सिद्ध होत नाहीं. नॉट प्रकृति बिघडल्यामुळें १८१५ सालीं स्वदेशीं गेले व १८६९ पर्यंत जगले. हॉल १८२६ सालीं, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं, पटकीनें वारले. कोणावर देवाची मर्जी अधिक होती, हा प्रश्न विचारणेंच चुकीचें आहे.

याहून कठीण प्रसंग घरांत येतो. नारायण वामन टिळक यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत बाप्तिस्मा घेतला. त्यांस पाचारण झालें होतें यांत आम्हांस संशय नाहीं. परंतु लक्ष्मीबाईंचें मन तयार नव्हतें, आणि त्या पाचारणाचा भार त्यांच्यावर पडला. ताटातूट झाली, आप्तांत राहावें लागलें. हें दुःख 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास ठाऊकच आहे. एकाला झालेला आदेश दुसऱ्यानें मुकाट्यानें सोसावा, असें म्हणणें सोपें आहे, पण तें शुभवर्तमानास धरून नाहीं. पुढें त्या पतीजवळ राहूं लागल्या तेव्हांही प्रथम आपलें सोंवळें सांभाळून राहिल्या. जातिभेद मनुष्यानें केला कीं देवानें, याचा विचार स्वतः करून मग त्या वळल्या. टिळकांनीं तो अवधि दिला, हें त्यांच्या कवित्वाइतकेंच मोठें होय. आपल्या मुलांस "देवानें तुला अमुक व्हावयास सांगितलें आहे" असें बजावणाऱ्या आईबापांनीं हा भाग अवश्य वाचावा.

शेवटीं एका जागेविषयीं. परळला टाटा रुग्णालयाच्या बाहेर गांवोगांवचीं माणसें पदपथावर पथाऱ्या टाकून असतात. तेथें भेटीस जाणारे आमचे बांधव सद्भावनेनेंच म्हणतात, "देवाची इच्छा, धीर धरा." ईयोबाच्या मित्रांनीं सात दिवस त्याजजवळ मुकाट बसून सांत्वन केलें, तोंवर ठीक होतें, बोलूं लागले तेव्हां बिघडलें. देवाची इच्छा आहे म्हणून असाच पडून राहा, असें प्रभूनें कोणा रोग्यास सांगितल्याचें शुभवर्तमानांत कोठेंही नाहीं. तो रोग्यास बरें करीत असे. बरें करणें आपल्या हातीं नसेल, पण रक्त देतां येतें, औषधाची चिठ्ठी घेऊन रांगेत उभें राहतां येतें, रात्रीं जागणाऱ्या आईस घटकाभर झोपूं देतां येतें.