दोन तुकड्यांचे टेबल

पाभर-कोळप्याच्या दुरुस्तीला घरी भक्कम टेबल हवे. सहा फुटी टेबल दारातून निघत नाही, म्हणून तीन-तीन फुटांच्या दोन फळ्या जोडाव्यात. आमच्या घरी मी सरस लावून खिळे ठोकले होते. पावसाळ्यात लाकूड फुगले, जोड उचकला आणि ऐन पेरणीत पाभरीचा फण ठोकताना माझा अंगठा फटीत चेंबला. पंधरा दिवस हात गळ्यात! पेरणी शेजाऱ्यांनी उरकली.

त्यापेक्षा लांब बोल्ट घ्यावेत. दोन्ही फळ्यांच्या खालच्या अंगाला समोरासमोर गोल खाचा पटाशीने कोराव्यात. तेथून जोडापर्यंत बोल्ट बसेल अशी चर काढावी. फळीच्या निम्म्या जाडीहून खोल जाऊ नये. बोल्टच्या दोन्ही टोकांना जाड वायसर हवेत, नाहीतर लाकूड दबते. दोन फूट रुंदीला तीन बोल्ट पुरतात. वरची बाजू सारखी राहावी म्हणून जोडात दोन लाकडी खुंट्या बसवाव्यात. आधी सैल आवळून, वर हात फिरवून पाहावे, मग पान्ह्याने घट्ट करावे. सरस मात्र नको, मग टेबल सुटणार नाही. पावसाळा सरला की बोल्ट पुन्हा आवळावेत. आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना खाली पाय हवेतच. घणाचा घाव पायांनी झेलावा, बोल्टांनी नव्हे.