पगार तुटला म्हणून मुका जीव रस्त्यावर सोडू नका : कुंभवलीकरांना जाहीर आवाहन

कुंभवलीतील समस्त ग्रामस्थ, चाळमालक, भाडेकरू आणि कारखान्यांत राबणाऱ्या कामगार बंधू-भगिनींनो,

गेल्या आठवड्यात गावातल्या एका चाळीतून एक कुटुंब रातोरात निघून गेलं. ठेकेदाराने कामावरून ब्रेक दिला होता, खोलीचं भाडं थकलं होतं. ते गेले याबद्दल आम्ही त्यांना बोल लावणार नाही. पण जाताना त्यांनी घरची कुत्री खोलीमागच्या जाळीला साखळीने बांधून ठेवली. जवळ पाण्याचं भांडंसुद्धा नव्हतं. शेजाऱ्यांना वाटलं, कुणीतरी परत येईल. तिसऱ्या दिवशी आमच्या मुलांच्या कानावर आलं, तोवर पट्टा गळ्यात रुतून जखम झाली होती आणि तिच्यात भुंकायचंही त्राण उरलं नव्हतं. त्याच आठवड्यात नाल्याकाठी सिमेंटच्या गोणीत पाच पिल्लं सापडली. गोणीचं तोंड सुतळीने आवळलेलं होतं. त्यातली दोन मेली होती.

ही गोणी कुणी बाहेरच्याने आणून टाकली, असं म्हणून हात झटकू नका. दिवस वाईट आले की आपल्याकडे सगळ्यात आधी घराबाहेर काढला जातो तो मुका जीव, कारण तो भांडत नाही आणि तक्रार करायला पोलीस ठाण्यात जात नाही. याची आम्हाला शरम वाटते, म्हणूनच हे आवाहन छापून घरोघरी देत आहोत.

दिवस वाईट आहेत हे आम्हाला कुणी सांगायला नको. आम्हीही याच चाळींत राहतो. हजाराहून अधिक कारखान्यांची तारापूर एमआयडीसी आपल्या उंबऱ्याला लागून आहे. तिथे एक पाळी बंद झाली की त्याच महिन्यात किराणावाल्याची वही भरते. कायम कामगार थोडे, ठेक्यावरचे जास्त, आणि ठेक्यावरच्याला कधी घरी बसवतील याचा नेम नाही. गॅस, तेल, डाळ, मुलांची फी, गावी पाठवायचे पैसे, सगळीकडे हात आखडावा लागतो. आखडा. काटकसर ही लाजेची गोष्ट नाही, आपल्या आईबापांनी त्याच बळावर घरं उभी केली. पण पाळलेलं जनावर रस्त्यावर सोडणं ही काटकसर नव्हे. आपला खर्च शेजाऱ्याच्या पोराच्या पोटरीवर ढकलणं आहे ते.

हिशेबच मांडू. सोडलेल्या कुत्र्याला लस मिळत नाही. ते भुकेलं असतं, बिथरलेलं असतं आणि त्या गल्लीतली कुत्री त्याला टिकू देत नाहीत. मग कुणाला तरी चावा बसतो. सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२४ साली देशात कुत्रा चावल्याच्या सुमारे ३७ लाख घटनांची नोंद झाली. त्यातल्या सुमारे ४ लाख ८५ हजार एकट्या महाराष्ट्रातल्या होत्या. २०१९च्या पशुगणनेत राज्यात भटकी कुत्री १२ लाख ७६ हजारांच्या घरात होती. चावा बसलेल्या माणसाला लशीचे चार-पाच डोस घ्यावे लागतात. सरकारी दवाखान्यात लस मोफत असली तरी प्रत्येक डोसाला रोजंदारी बुडते, रिक्षाचं भाडं जातं आणि लहान मूल असेल तर आईचाही रोज बुडतो. रेबीज एकदा अंगात उमटला की त्यावर औषध नाही, माणूस वाचत नाही. दुसऱ्या बाजूला कुत्र्याला वर्षातून एकदा द्यायची रेबीजची लस. घराच्या एका दिवसाच्या बाजारखर्चाएवढेही पैसे तिला लागत नाहीत. यात स्वस्त काय, ते तुम्हीच ठरवा.

काहीजण म्हणतात, माणसांना खायला नाही आणि तुम्ही कुत्र्यांचं काय घेऊन बसलात? हे बोलणारे बहुतेक जण माणसांनाही काही देताना दिसत नाहीत. २०२०च्या टाळेबंदीत आमच्याच मुलांनी खोल्यांत अडकलेल्या परप्रांतीय कामगारांना शिधा पोचवला आणि त्याच पातेल्यातला भात गल्लीतल्या जनावरांना घातला. दोन्ही हात एकाच वेळी चालतात. दुसरे म्हणतात, बाजारात सोडलं की मच्छीच्या कचऱ्यावर जगतं. घरात वाढलेलं जनावर तसं जगत नाही. गाडीखाली येतं, नाहीतर टोळीच्या तोंडी जातं. आणि हल्ली नवीन ऐकू येतं की सुप्रीम कोर्टानेच कुत्री हटवायला सांगितली आहेत. ७ नोव्हेंबर २०२५चा आदेश शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस स्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातल्या भटक्या कुत्र्यांबद्दल आहे. स्वतःच्या दारातलं कुत्रं रस्त्यावर फेका, असं कुठल्याही कोर्टाने म्हटलेलं नाही. उलट १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमाप्रमाणे पाळीव जनावराला उपाशी ठेवणं आणि भुकेने-तहानेने तडफडेल अशा स्थितीत सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये! साठ वर्षांहून जुना हा आकडा वाचून संताप येतो. पण दंड कमी आहे म्हणून पाप कमी होत नाही. आणि विष घालणाऱ्यांनी, हातपाय तोडणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दत्तजयंतीला आपण पालखीपुढे नाचतो. दत्ताच्या पायाशी चार कुत्री उभी आहेत, ती काय शोभेसाठी? आपल्या पाड्यांवरच्या आदिवासी घरांत पावसाळ्यात धान्याची कणगी तळाला जाते, तरी अंगणातल्या कुत्र्याला घासभर मिळतोच. पक्क्या खोलीत राहणाऱ्यांनी त्यांच्याकडून शिकावं.

आता कामाचं. कमी पैशात जनावर कसं सांभाळायचं, ते नीट वाचा.

१. पाकीटबंद खाद्य परवडत नसेल तर बंद करा, काही बिघडत नाही. मात्र एकदम बंद करू नका, आठवडाभरात हळूहळू घरच्या अन्नावर आणा. पंधराएक किलोच्या गावठी कुत्र्याला दिवसाला दोन मुठी तांदळाचा किंवा कणीचा भात, एखादं अंडं आणि कोंबडीचे चार पाय पुरतात. चिकनच्या दुकानात पाय-मुंडकी अगदी कमी पैशात मिळतात. शिजवून, हाडं काढून द्या, कारण शिजलेलं हाड फुटून आतड्यात रुततं. नुसत्या चपातीवर किंवा पारले बिस्किटांवर कुत्रं जगवू नका.

२. मासळीची डोकी उकडून, काटे काढून भातात कालवा. सुकट, जवळा मिठाचा नसेल तरच द्या, नाहीतर आधी धुऊन घ्या. मांजराला मांस-मासळी लागतेच, दूधभातावर ठेवलेलं मांजर खंगतं.

३. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि आपल्या जेवणातला मसालेदार रस्सा घालू नका. माणसांच्या गोळ्या तर अजिबात नकोत. पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजर मरू शकतं.

४. दारात स्वच्छ पाण्याचं भांडं ठेवा. हे आम्ही हात जोडून सांगतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या मूल्यांकनात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरलं. नाल्यातून रंगीत, वास मारणारं पाणी वाहतं ते आपण रोज बघतो. आपण बाटलीचं पाणी विकत घेतो आणि जनावरं त्या नाल्याला तोंड लावतात. फुटकं मडकं, जुनी कढई काहीही चालेल, पण त्यात नळाचं पाणी ठेवा आणि रोज बदला.

५. खरूज झालेल्या कुत्र्यावर कारखान्यातलं जळकं तेल, रॉकेल, फिनेल ओतू नका. चाटून ते पोटात जातं आणि कातडी जळते ती वेगळीच. खरूज डॉक्टरच्या औषधाने बरी होते. गोचीड हाताने काढा, गोणपाटाचं अंथरूण उन्हात टाका.

६. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्या, पुढे दरवर्षी एकदा. जंताचं औषध विसरू नका. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस दिली तर त्या भागात रेबीजचा फैलाव थांबतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे उरलेल्या तिसांची वाट न पाहता आपल्या सत्तरांपासून सुरुवात करता येते.

७. नसबंदी करून घ्या. कुत्री वर्षातून दोनदा माजावर येऊ शकते, दोन महिन्यांत विते आणि एका वेळी पाच-सहा पिल्लं देते. आधी ऑपरेशन झालं असतं तर नाल्याकाठची ती गोणी भरलीच नसती. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांच्या नसबंदी-लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थेवर आहे. येत्या ग्रामसभेत त्यासाठी ठराव मांडायचा आहे. त्या दिवशी घरी बसून राहू नका. ठराव हात वर केल्याने होतात.

८. गल्लीतल्या जनावरांना खायला घालणाऱ्यांनी शाळेच्या दारात, मुलं खेळतात तिथे किंवा भर रस्त्यात घालू नये. एक कडेची जागा ठरवा, वेळ ठरवा, पत्रावळ्या आणि पिशव्या उचला. तुमची घाण पाहून लोक जनावरांवर राग काढतात.

९. कुणाला चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि थेट सरकारी आरोग्य केंद्र गाठा. मिरची, चुना, तंबाखू, मंत्र-तंत्र काही नको.

१०. गाव सोडायची वेळ आलीच, तर बांधून जाऊ नका, गोणीत घालू नका, रात्री दुसऱ्या नाक्यावर नेऊन सोडू नका. निदान आठ दिवस आधी आमच्यापैकी कुणालाही सांगा. घर शोधू, तोवर कुणाच्या तरी अंगणात ठेवू. का चाललात, किती थकलं, हे कुणी विचारणार नाही.

चाळमालकांना वेगळं सांगणं आहे. खोली रिकामी झाल्यावर मागची बाजू, गच्ची आणि जाळी बघत चला. जनावर ठेवू देणार नसाल तर खोली देतानाच सांगा. सहा महिने भाडं घेऊन मग ‘कुत्रं काढा नाहीतर खोली खाली करा’ म्हणणं माणुसकीला धरून नाही. चिकनवाल्यांनी, खानावळवाल्यांनी उरलेलं अन्न गटारात ओतण्याऐवजी झाकून बाजूला ठेवावं, आमची मुलं रात्री येऊन घेऊन जातील. शिक्षकांनी मुलांना दगड न मारण्याचं आणि अंगावर येणाऱ्या कुत्र्यापासून न पळण्याचं शिकवावं. शेळ्या-कोंबड्या, गाई पाळणाऱ्यांनी आजारी जनावर विकून मोकळं होण्याआधी १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकाची चौकशी करावी.

आमच्याकडे कार्यालय नाही, देणगीच्या पावत्या नाहीत, गाडी नाही. पाळ्या सांभाळून काम करणारी मुलं-मुली आणि काही गृहिणी आहेत. रात्रपाळीहून येताना कुणी पाणी भरतं, कुणी पातेलं चढवतं, कुणी पिल्लाला बोईसरला डॉक्टरकडे नेतं. बांधून ठेवलेली ती कुत्री आज यांच्यामुळेच जिवंत आहे, उभी राहते, खाते. उरलेल्या तीन पिल्लांना घरं हवी आहेत. एवढ्या कमी माणसांनी हे होत असेल, तर गाव उभं राहिल्यावर काय होईल!

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता ग्रामपंचायतीजवळ जमा. येताना आपल्या गल्लीतल्या पाळीव आणि भटक्या जनावरांची यादी आणा, कुणाला लस दिली आहे तेही लिहून आणा. सगळ्यांची एकत्र लस घेतली तर डॉक्टरांना गावात बोलावता येईल आणि खर्च वाटून जाईल. ज्याला पैसे देणं शक्य नाही त्याने तांदूळ द्यावा, ज्याच्याकडे तांदूळ नाही त्याने एक तास द्यावा. आणि यातलं काहीच जमत नसेल, तर निदान आपल्या दारातला जीव आपल्या दारातच ठेवावा.

आपले,
कुंभवलीतील प्राणीमित्र ग्रामस्थ