तांदूळ, मध आणि शुद्धतेचा आग्रह

आमच्या वाचनगटाच्या गेल्या बैठकीत एका माजी विद्यार्थ्याचा लेख वाचला गेला. मराठी घेऊन एम.ए. झालेला हा विद्यार्थी पुढे संसारानिमित्त अमेरिकेत गेला आणि उन्हाळ्यासाठी एक हलकी बिअर घरीच बनवू लागला. जवाच्या माल्टबरोबर तीत तो तांदूळ आणि मध घालतो. ती कशी बनवली, कोठे फसली, पुन्हा कशी जमली, हे त्याने साध्या मराठीत लिहिले होते आणि शेवटी विचारले होते, ‘हे मराठीत लिहिण्यासारखे आहे ना?’ वाचन संपताच दोन आक्षेप आले. पहिला असा की तांदूळ-मध घातलेली बिअर ही बिअरच नव्हे, ती भेसळ. दुसरा असा की ही पाककृती आहे, वाङ्मय नव्हे. आक्षेप घेणारे आमचे स्नेहीच आहेत. पण आमच्या मते दोन्ही आक्षेपांचे मूळ एकच आहे, आणि ते उकरून पाहणे आवश्यक आहे.

पहिल्या आक्षेपाला बव्हेरियातील २३ एप्रिल १५१६ च्या फर्मानाचा आधार दिला जातो. बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालू नये, असे ते सांगते, हे खरे. परंतु तेच फर्मान बिअरचा भावही ठरवून देते. हिवाळ्यात किती आणि उन्हाळ्यात किती, हे त्यात तपशीलवार आहे. गहू आणि राय ही धान्ये पावासाठी राखून ठेवावीत, हा हेतूही त्यामागे असल्याचे मानले जाते. यीस्टचा तर त्यात उल्लेखच नाही! पुढे गव्हाच्या बिअरचा मक्ता बव्हेरियाच्या राजघराण्याने स्वतःकडेच घेतला आणि त्यावर खजिना भरला. इतरांच्या हंड्यात जो गहू निषिद्ध, तो सरकारी हंड्यात पवित्र झाला. ‘शुद्धतेचा कायदा’ हे भारदस्त नाव या फर्मानाला मिळाले ते विसाव्या शतकात. १९८७ साली युरोपीय न्यायालयानेही निकाल दिला, की या नियमाच्या आधारे अन्य देशांची बिअर जर्मनीत अडवता येणार नाही. ज्याला आपण शुद्धता म्हणून नमस्कार करतो, त्याच्या पोटात धान्याचा हिशेब, कर आणि मक्तेदारी निघाली.

तांदळाची कथा याहून बोलकी आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि बोहेमियन कारागीर अमेरिकेत गेले, तेव्हा तेथे त्यांच्या हाती आला तो सहा ओळींच्या कणसाचा जव. त्यात प्रथिने जास्त. त्याची बिअर जड आणि गढूळ होई. तांदूळ किंवा मका मिसळल्यावर ती नितळ आणि हलकी झाली. १८७६ साली बाजारात आलेली बडवायझर तांदळाचीच. म्हणजे परक्या मातीत आपली परंपरा जगवण्यासाठी कारागिरांनी शोधलेली ही युक्ती होती. पुढे मोठ्या कंपन्यांनी तिचाच उपयोग करून बेचव बिअरचे पाट वाहवले, हे आम्हांला मान्य आहे. परंतु तो दोष विक्रेत्याच्या लोभाचा. त्याचे खापर तांदळावर का? अमेरिकेतील लहान कारखानदारांच्या संघटनेच्या व्याख्येनेही असे धान्य वापरणाऱ्यांना बरीच वर्षे पंक्तीबाहेर बसवले होते. २०१४ साली तिने ती अट काढून टाकली.

आता भेसळ म्हणजे काय? भेसळ करणारा लपवतो. आमचा विद्यार्थी काय करतो ते पाहा. सुमारे वीस लिटर बिअरसाठी तो अडीच किलो माल्ट, पाऊण किलो तांदूळ आणि अर्धा किलोच्या आतबाहेर मध घेतो. पहिल्या खेपेस त्याने कच्चा तांदूळ भरडून घातला आणि फसला. तांदळातील पिष्ट शिजून मोकळे झाल्याशिवाय त्याची साखर होत नाही. दुसऱ्या खेपेस त्याने भारतीय दुकानातून जाडे पोहे आणले. पोहे करतानाच धान्याला ऊब आणि ओल मिळालेली असते, म्हणून ते थेट माल्टमध्ये मिसळता येतात. पासष्ट अंशांच्या आसपास तासभर ठेवले की माल्टमधील विकरे पोह्यांच्या पिष्टाचीही साखर करतात. जवाजवळ विकरांची शिल्लक असते, तांदळाजवळ ती नसते; एकाची शिल्लक दुसऱ्याच्या कामी येते. मग गाळलेला रस हॉप्स घालून तासभर उकळायचा. मध घालायचा तो आच बंद केल्यावर, नाहीतर त्याचा गंध वाफेबरोबर निघून जातो. गंमत अशी की मधाने ही बिअर गोड होत नाही. मधातील बहुतेक सारी साखर यीस्ट फस्त करते. मागे उरतो तो हलकेपणा आणि फुलांची पुसट आठवण. येथे प्रत्येक जिन्नस कशासाठी आला, हे करणारा सांगू शकतो. याला भेसळ म्हणायचे, तर रचना कशाला म्हणायचे?

येथे कबूल केले पाहिजे की आम्ही स्वतः ही बिअर केलेली नाही. परवान्याशिवाय घरी मद्य बनवणे हा महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. अमेरिकेतही घरच्या बिअरला संघराज्याची मोकळीक मिळाली ती १९७८ च्या कायद्याने, आणि शेवटची दोन राज्ये २०१३ साली वळली. दारूचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आम्हीही पाहिली आहेत. परंतु हा विषय आपल्या परंपरेला परका आहे, असे कोणी म्हणू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात तांदूळ, पाणी आणि किण्व यांच्यापासून होणाऱ्या ‘मेदका’चे प्रमाण मोजूनमापून दिले आहे. गृहस्थांना घरच्या कार्यप्रसंगी श्वेतसुरा बनवण्याची मुभाही तेथे आहे. विज्ञानाच्या पुस्तकातला आपला ‘किण्वन’ हा शब्दही त्याच किण्वाच्या घरचा.

आता दुसरा आक्षेप. ‘हे वाङ्मय नव्हे’ असे म्हणताना आपण कोणते फर्मान वाचत असतो? वाङ्मयबाह्य म्हणून एखादी गोष्ट दाराबाहेर ठेवणे सोपे असते; परीक्षेत गुण देण्यासही ते सोयीचे पडते. अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे रा. प. कंगले हेच नाट्यशास्त्रातील रस-भावविचार मराठीत आणणारे विद्वान. सुरेच्या प्रकरणाने त्यांच्या रसविचाराला विटाळ झाला नाही! आणि भरताने तरी रस समजावून सांगताना कोणता दाखला घेतला? गूळ, मसाले आणि वनस्पती एकत्र येऊन पेयाला जी चव येते, तिचा. आपल्या साहित्यविचाराचा मूळ शब्दच स्वयंपाकघरातून, तोही मिश्रणातून, आलेला आहे. त्याच्या वारसांनी पाककृतीला नाक मुरडावे, याला काय म्हणावे?

आमचे मागणे लहान आहे. त्या लेखात क्रियापदे अचूक आहेत, चूक झाकलेली नाही आणि पोह्यांच्या पुड्याजवळ येताच लेखकाची भाषा नकळत घरची होते. हाताने केलेल्या कामाचे असे गद्य मराठीत आधीच थोडे. आपण त्याला ‘हे आपल्यात बसत नाही’ असे कळवले, तर तो बिअर करणे थांबवणार नाही. मराठीत लिहिणे मात्र थांबवील. पुढचा लेख तो इंग्रजीत लिहील, तेथे त्याला वाचकही मिळतील, आणि आपण मराठी गद्य आटत चालल्याबद्दल आणखी एक परिसंवाद भरवू. त्यापेक्षा त्याच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यावे: होय, हे मराठीत लिहिण्यासारखे आहे. पुढच्या खेपेची हकिगतही पाठव.