मुदत वाढवण्याआधी आम्हाला विचारा

मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई



पतधोरण जाहीर करायला आपण सकाळी दहा वाजता बोलायला सुरुवात करता, तेव्हा माझ्यासारखी पगारदार माणसं कामाच्या धबडग्यातही एक कान तिकडे लावून असतात. शेअर बाजाराशी आमचा फारसा संबंध नाही. आमचं गृहकर्ज रेपो दराला बांधलेलं आहे, म्हणून आम्ही ऐकतो. पाव टक्का म्हणजे आमच्या घरात काय, हे आम्हाला तोंडपाठ आहे. आपल्या कार्यालयातून निघालेला निर्णय आमच्या घरापर्यंत पोहोचताना वाटेत त्याचं काय होतं, ते आपल्याला कळावं म्हणून हे पत्र.

मी बदलापूरला राहते. एका लहान पतसंस्थेत हिशेब लिहिते, आणि घरचा हिशेबही माझ्याकडेच आहे. 2021 च्या दिवाळीच्या सुमारास आम्ही फ्लॅट घेतला. रेपो दर तेव्हा 4 टक्के होता. त्यावर बँकेचे 3, असे 7 टक्क्यांनी 30 लाखांचं कर्ज, मुदत 20 वर्षं, हप्ता 23,259 रुपये. या 20 वर्षांवर आम्ही नवराबायकोने कितीतरी संध्याकाळी घालवल्या होत्या. त्यांची निवृत्ती कधी, मुलीचं बारावीनंतरचं शिक्षण कधी सुरू होणार, सासूबाईंच्या औषधपाण्याचा खर्च कुठवर जाईल, हे सगळं एका कागदावर मांडून मग मुदत ठरवली. हप्ता थोडा कमी बसावा म्हणून 25 वर्षं घ्या, असं बँकेतल्या अधिकाऱ्याने सुचवलंही होतं. आम्ही नको म्हटलं. निवृत्तीनंतर डोक्यावर हप्ता नको, एवढं एकच आमचं पक्कं होतं.

मे 2022 मध्ये दर वाढायला लागले. 4 वरून 4.40, मग 4.90, ऑगस्टमध्ये 5.40, आणि असं करत फेब्रुवारी 2023 मध्ये 6.50. दर का वाढवले याबद्दल माझी तक्रार नाही. एप्रिल 2022 मध्ये महागाईचा दर 7.79 टक्के होता आणि तो मला आकडेवारीतून कळायची गरजच नव्हती. तेलाचा डबा आणताना कळत होता. महागाई आवरणं हे आपलं कामच आहे. आणि बदलत्या दराचं कर्ज घेतलं म्हणजे दर वर-खाली होणार, हे मंजुरीपत्रावर सही करताना आम्हाला ठाऊक होतं.

ठाऊक नव्हतं ते पुढचं. दर बदलल्याचा एसएमएस यायचा. खात्यातून हप्ता मात्र तेवढाच जायचा, 23,259. आम्हाला वाटलं, वाढीव व्याजाचं पुढे काहीतरी होईल, बँक कळवेल. ऑगस्ट 2022 नंतर सहज म्हणून खात्याचा उतारा मागवला तेव्हा दिसलं की उरलेले हप्ते 300 च्या वर गेले आहेत. मुळात हप्ते होते 240, आणि त्यातलेही काही आमचे भरून झाले होते. कोणी विचारलं नव्हतं. शाखेत गेल्यावर उत्तर मिळालं, "सिस्टीम आपोआप करते. ग्राहकांना हप्ता वाढलेला आवडत नाही."

इथे थोडा आकड्यांत शिरते, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. 5.40 अधिक बँकेचे 3, अशा 8.40 टक्के दराला आमचा हप्ता तोच ठेवायचा तर मुदत जवळपास 80 हप्त्यांनी वाढते. 80 गुणिले 23,259 म्हणजे अठरा लाख साठ हजार रुपये. याउलट मुदत तीच ठेवून हप्ता वाढवला असता, तर तो सुमारे अडीच हजारांनी वाढला असता, आणि उरलेल्या सगळ्या वर्षांत मिळून जास्तीचे पाच लाख ऐंशी हजारांच्या आसपास गेले असते. एकाच दरवाढीची ही दोन रूपं. एकात घर पावणेसहा लाखांनी महाग होतं, दुसऱ्यात साडेअठरा लाखांनी. यातलं दुसरं आमच्यासाठी परस्पर निवडलं गेलं.

दर आणखी चढल्यावर तर गणितच मोडलं. 30 लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज 23,750 रुपये होतं. म्हणजे ज्यांनी 7 टक्क्यांच्या काळात नवंनवं कर्ज घेतलं, त्यांच्या पूर्ण हप्त्याने व्याजसुद्धा फिटत नव्हतं. मग व्हायचं तेच झालं. आधी मुदत ताणून ताणून संपवली, आणि ताणायला जागा उरली नाही तेव्हा हप्ता एकदम वाढला. हळूहळू चढली असती तर झेपली असती अशी वाढ घरावर एका महिन्यात येऊन आदळली.

आम्हाला वेळेवर विचारलं असतं तर अडीच हजार आम्ही काढले असते का? हो. माझ्या वहीतलं त्या महिन्याचं पान समोर आहे. दूध, किराणा, गॅस, वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स, दोघांचे रेल्वेचे पास, मुलीची फी आणि व्हॅन, सासूबाईंच्या गोळ्या, विम्याचा हप्ता. यांना हात लावता येत नाही. पण त्याखाली दोन ओळी आहेत: पोस्टातली 2,000 ची आरडी आणि "दिवाळी-लग्नकार्य" म्हणून बाजूला काढलेले 1,500. आरडीवर जे व्याज मिळत होतं त्यापेक्षा जास्त व्याज आम्ही कर्जावर भरत होतो, तेव्हा ती थांबवून पैसे हप्त्याकडे वळवणं हाच शहाणपणाचा हिशेब होता. कुठली ओळ खोडायची हे घरच ठरवू शकतं. त्याला आधी कळलं मात्र पाहिजे.

आमच्या पतसंस्थेत मी दुसरी बाजूही पाहते. गृहकर्जाचा हप्ता अचानक वाढला की सभासद आमच्याकडे तातडीच्या कर्जाचा अर्ज घेऊन येतात. अर्जावर कारण लिहिलेलं असतं "घरगुती अडचण". जरा बोलतं केलं की कळतं, बँकेचा हप्ता चुकू नये म्हणून आधी क्रेडिट कार्डावर किराणा भरला, मग कार्डाचं बिल साचलं, मग बायकोच्या पाटल्या तारण गेल्या. साडेआठ-नऊ टक्क्यांचं कर्ज सांभाळण्यासाठी माणूस महिन्याला 3 टक्क्यांहून जास्त व्याजाच्या कर्जात शिरतो. घरात जेवढी कर्जं असतील त्यांतलं गृहकर्ज सगळ्यात स्वस्त असतं. हाताशी चार पैसे आले तर आधी कार्ड मिटवावं, मग सोनं सोडवावं, गृहकर्जाचं पार्ट पेमेंट सगळ्यात शेवटी. हे मी प्रत्येकाला सांगते. पण स्वस्त कर्जानेच न सांगता उडी मारली की हा क्रम उलटा होतो, आणि तो सुलटा करायला कुटुंबाची दोन-तीन वर्षं जातात.

आपल्या बँकेने हे ओळखलं, याचं श्रेय द्यायलाच हवं. 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकात अगदी हेच दुखणं पकडलं आहे. दर बदलताना कर्जदाराला हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडू द्यावं. दर तीन महिन्यांनी किती मुद्दल फिटलं, किती व्याज गेलं, किती हप्ते उरले, याचं सोपं पत्रक द्यावं. मुदत ताणताना हप्ता व्याजापेक्षाही कमी पडेल अशी वेळ आणू नये. जुन्या कर्जांनाही हे डिसेंबर 2023 अखेरपर्यंत लागू करावं. मी ते परिपत्रक शब्द न् शब्द वाचलं तेव्हा मला खरंच हायसं वाटलं होतं.

पण त्याची अंमलबजावणी बघा. तिमाही पत्रक ॲपच्या चौथ्या-पाचव्या पडद्यामागे पीडीएफ म्हणून ठेवलेलं असतं. निवड कळवायची तर एक इंग्रजी दुवा येतो. ठरावीक दिवसांत उत्तर आलं नाही, तर मौन म्हणजे संमती धरून मुदत वाढते. माझ्या सासूबाईंच्या वयाची, सहकर्जदार म्हणून सही केलेली माणसं या दुव्याचं काय करणार? त्याच परिपत्रकात बदलत्या दरावरून स्थिर दरावर जाण्याचा पर्याय देणं बंधनकारक केलं होतं. ऑक्टोबर 2025 पासून तोही बँकांच्या मर्जीवर सोडला आहे. त्यामागे आपली काही कारणं असतील. दर आणखी खाली जातील अशी आशा असताना स्थिर दराकडे फार लोक वळलेही नसते. पण तो दरवाजा असणं महत्त्वाचं होतं. पुढच्या चढत्या फेरीत तो हवा तेव्हा बंद असेल.

आता दर उतरले आहेत. फेब्रुवारी 2025 ते डिसेंबर 2025 या काळात आपण रेपो 6.50 वरून 5.25 वर आणलात. सव्वा टक्का ही लहान गोष्ट नाही. पण उतरतानाही विचारणा होत नाही. काही ठिकाणी हप्ता कमी केला जातो, लोक खूश होतात, आणि 2022 मध्ये वाढलेली मुदत जिथल्या तिथे राहते. कर्जदाराला वाटतं आपण सुटलो. ज्याची मुदत त्याला न विचारता वाढवली, त्याला दर उतरल्यावर आधी त्याची मूळ शेवटची तारीख परत मिळायला हवी. त्यानंतर काही उरलं तर हप्ता कमी करावा. तेही त्याला विचारून.

आणखी एका वर्गाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या इमारतीखाली इस्त्रीचं दुकान आहे. त्या भावांकडे पगाराची पावती नाही, त्यामुळे बँकेने दारात उभं केलं नाही. त्यांनी एका गृहवित्त कंपनीकडून कर्ज घेतलं. बँकांना 1 ऑक्टोबर 2019 पासून नवं बदलत्या दराचं गृहकर्ज बाहेरच्या मानदंडाला बांधावं लागतं आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर बदलावा लागतो. गृहवित्त कंपन्यांवर हे बंधन नाही. त्या आपापला दर ठरवतात. वाढ लगेच पोहोचली आणि कपात मात्र अजून वाटेतच आहे, हा त्या भावांचा अनुभव आहे. 2019 पासून या कंपन्याही आपल्याच देखरेखीखाली आहेत. ज्याचं उत्पन्न सगळ्यात अनिश्चित, त्याच्या वाट्याला सगळ्यात अपारदर्शक दर, हे आपल्याला पटतं का?

म्हणून माझी मागणी अशी. कर्जदाराने लेखी किंवा ओटीपी देऊन होकार दिल्याशिवाय मुदत एका हप्त्यानेही वाढू नये. उत्तर आलं नाही तर मुदत तीच राहावी आणि हप्ता बदलावा. ज्याला तो झेपत नाही तो स्वतःहून मुदत मागायला येईल, कारण खात्यातून जादा रक्कम गेलेली लगेच दिसते आणि वाढलेली मुदत वर्षानुवर्षं दिसत नाही. विचारणा कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत यावी, आमच्याकडे मराठीत, आणि तिच्यात दोन्ही पर्यायांत शेवटपर्यंत एकूण किती रुपये जातील हे शेजारी शेजारी छापलेलं असावं. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या कर्जांना आपण मुख्य तथ्य विवरण सक्तीचं केलंत आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावं असंही सांगितलंत. तेच जुन्या कर्जदारांना प्रत्येक दरबदलाला द्यायला काय अडचण आहे? बँकांकडे आमचा मोबाइल नंबर आहे, पत्ता आहे, आमची भाषा कुठली हेही फॉर्मवर लिहिलेलं आहे.

ओटीपी कोणाला सांगू नका, हे आपण अमिताभ बच्चन यांच्या आवाजात घराघरांत पोहोचवलंत आणि त्याचा उपयोग झाला, माझ्या सासूबाईसुद्धा ते बजावतात. तेवढ्याच जोराने एकदा हेही सांगा की बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तीला मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क लागत नाही, दर बदलला की मुदत किंवा हप्ता निवडण्याचा हक्क आपला आहे, आणि कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत घराची मूळ कागदपत्रं मिळाली नाहीत तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई मिळते. हे नियम आपलेच आहेत. माझ्या पतसंस्थेत येणाऱ्या दहा सभासदांना विचारलं तर यातला एक तरी नियम माहीत असलेला माणूस क्वचित भेटतो.

2022 आणि 2023 मध्ये ज्यांच्या मुदती होकाराशिवाय वाढल्या, त्या सगळ्या खात्यांची यादी प्रत्येक बँकेकडून आणि गृहवित्त कंपनीकडून मागवावी, आणि त्या कर्जदारांना मूळ तारखेवर परत येण्याची संधी, कुठलंही शुल्क न घेता, एकदा द्यावी. सुरुवात इथून करावी अशी विनंती आहे.

कळावे.

आपली,
बदलापूरची एक गृहकर्जदार